स्थळासाठी फोटो आणि बायोडाटा: चेहऱ्याला भाव न लावता

ईस्टर उरकला की आमच्या ख्रिस्ती मंडळीत सोयरिकींची धांदल सुरू होते. उपवासकाळात लग्नं थांबलेली असतात, मग सगळे एकदमच निघतात. जालन्यात माझा फोटो स्टुडिओ आहे, वडिलांच्या वेळचा. बाईच फोटो काढते म्हणून आया लेकींना घेऊन निर्धास्त येतात, चर्चमधल्याही आणि बाहेरच्याही. कुणी घनसावंगीहून, कुणी परतूरहून, कुणी इथल्याच मामा चौकातून. पहिलं वाक्य मात्र सगळ्यांचं ठरलेलं असतं: "ताई, लेकराला जरा उजळ करून द्या."

"कामून बरं?"

"पाव्हणे गोरीच पाहिजे म्हणतेत ना."

मी उजळ करून देत नाही. त्यापायी गिऱ्हाईक पलीकडच्या दुकानात गेलं तर जाऊ देते. पण नुसतं "नाही" म्हणून भागत नाही. त्या माउलीला लेकीचं भलंच करायचं असतं, तिला रस्ता दाखवावा लागतो. तो रस्ता इथे लिहून ठेवते. लिहिते आहे ख्रिस्ती घरांसाठी, कारण मी संडे स्कूलही घेते आणि दुकानात एक, चर्चमध्ये दुसरं असं मला जमत नाही. फोटोची माहिती मात्र कुणाच्याही कामाची आहे.

फोटो काढण्याआधी घरात बोलून घ्या

स्थळासाठीच्या फोटोला एकच काम असतं. पाहुणे दारात आले की ही तीच मुलगी हे त्यांना ओळखू यावं. मुलीचं मोल ठरवणं हे त्याचं काम नाही, आणि पाहुण्यांचंही नाही. ते मोल आधीच ठरून गेलेलं आहे. बायबलातल्या उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात देव माणसाला आपल्या प्रतिरूपात निर्माण करतो, नर आणि नारी दोघांना. तेव्हा त्या दोघांनी अजून काहीच केलेलं नसतं. शिक्षण नाही, नोकरी नाही, भाकरी गोल येते की नाही तेही कुणी बघितलेलं नाही.

हे मी बोलले की आया लगेच मान डोलावतात आणि लेकीला सांगतात, "बघ, रंगाचं काय घेऊन बसलीस, लोक गुण बघतेत." इथे मी त्यांना थांबवते. गुणांना भाव लावला तरी बाजार तोच राहतो, फक्त दुकान बदलतं. जी मुलगी दिसायला बेताची, बारावीला अडकलेली आणि स्वयंपाकातही कच्ची, ती मग फुकट गेली का? प्रेषित पौल रोमकरांना लिहितो की आपण पापी असतानाच ख्रिस्त आपल्यासाठी मेला. म्हणजे रूप बघून नाही, तसं गुण बघूनही नाही. घरात हे एकदा स्पष्ट बोलून घ्या. मुलीपेक्षा आजी-आत्यांसमोर बोला, गरज तिकडे जास्त असते.

दुसरं टोकही टाळा. "रूपाला काही अर्थ नसतो" असं पोरीला सांगू नका. ती रोज बसने कॉलेजला जाते, कुणाकडे लोक वळून बघतात आणि कुणाकडे नाही हे तिला तुमच्याआधी कळलेलं असतं. शास्त्रही असलं काही म्हणत नाही. "मनुष्य बाहेरचं पाहतो, पण परमेश्वर हृदय पाहतो" हे वचन प्रत्येक उपदेशात येतं, पण ते कुणाला सांगितलंय हे फारसं कुणी सांगत नाही. ते शमुवेलाला, म्हणजे खुद्द संदेष्ट्याला सांगितलंय. इशायाचा थोरला मुलगा अलीयाब उंचापुरा समोर उभा राहिला आणि शमुवेलाला वाटलं, देवाने निवडलेला नवा राजा हाच. आधीचा राजा शौलही असाच होता, सगळ्या लोकांपेक्षा खांद्यापासून वर उंच. त्याचं पुढे काय झालं ते शमुवेलाने स्वतः पाहिलं होतं, तरी पुन्हा उंचीलाच भुलला. आणि आणखी पाच वचनं वाचली की दावीद मेंढरांकडून आत येतो, तर तोही तांबूस, सुंदर डोळ्यांचा, देखणा. देव देखण्या माणसावर काट मारत नाही. देखणा आहे म्हणून निवडत नाही, इतकंच. आणि यशयाच्या त्रेपन्नाव्या अध्यायात ज्या सेवकाचं वर्णन आहे, ज्याला आपण ख्रिस्त म्हणून ओळखतो, त्याला तर रूप नव्हतं, शोभा नव्हती, बघत राहावं असं काही नव्हतं.

मुलीला हे ऐकवायचं असेल तर पाहुणे ठरायच्या आधी, निवांत ऐकवा. साडी नेसवताना उपदेश करू नका.

फोटो

स्टुडिओतच आलं पाहिजे असं नाही, घरच्या फोनवरही चांगला फोटो निघतो. आमच्याकडचं दुपारचं ऊन मात्र टाळा. बाराच्या उन्हात डोळ्यांच्या खोबणीत काळोख आणि कपाळावर चकाकी येते, कुणाचाही चेहरा दमलेला दिसतो. सकाळी आठच्या सुमाराला किंवा संध्याकाळी पाचनंतर काढा. ओसरीत, दाराच्या थोडं आत, सावलीत उभं करा आणि तोंड उजेडाकडे ठेवा. खोलीतली ट्यूबलाइट बंद करा. बाहेरचा उजेड आणि ट्यूबचा उजेड एकत्र आला की अर्धा चेहरा हिरवट पडतो.

आता भिंत. सावळ्या मुलीला पांढऱ्या भिंतीपुढे उभं करू नका. कॅमेरा सगळ्या चौकटीतला उजेड मोजून सरासरी काढतो. भिंत फार उजळ भरली की तो अख्खा फोटो अंधारा करतो आणि चेहरा आहे त्याहून काळा येतो. मग आई म्हणते, "बघा, किती काळी दिसायली." दोष भिंतीचा, बोल लेकराला. करडी, निळसर, मातकट भिंत घ्या, नाहीतर मागे गडद चादर लावा. तेही नसेल तर फोनच्या पडद्यावर तिच्या चेहऱ्यावर बोट ठेवा आणि बाजूला येणारं सूर्याचं चिन्ह जरासं वर सरकवा.

"मग हे उजळ करणं नाही का?" असं एका चलाख पोरीने मला विचारलं होतं. नाही. कॅमेऱ्याने खाल्लेला उजेड परत देणं वेगळं, आणि नसलेला रंग चढवणं वेगळं. फोटो आणि मुलगी शेजारी धरून बघा. डोळ्यांना दिसते तेवढी आली पाहिजे, कमीही नको, जास्तही नको.

सेल्फी पाठवू नका. जवळून काढलेल्या फोटोत नाक मोठं आणि कान मागे गेलेले दिसतात. अमेरिकेतल्या डॉक्टरांनी 2018 मध्ये याचा हिशेब मांडला. पाच फुटांवरून दिसतं त्याच्या तुलनेत बारा इंचांवरच्या सेल्फीत नाक सुमारे 30 टक्के रुंद येतं. त्या सेल्फीवरून स्वतःच्या नाकावर नाराज झालेल्या मुली माझ्याकडे येतात. नाक ठीक असतं, हात आखूड असतो. दुसऱ्या कुणालातरी सहा-सात फुटांवर उभं करा, फोनमध्ये दोनपट झूमची लेन्स असेल तर ती वापरा आणि कॅमेरा डोळ्यांच्या उंचीवर धरा.

बऱ्याच फोनमध्ये "ब्यूटी" आपोआप चालू असते. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये जाऊन ती शून्यावर आणा. ती चालू राहिली तर तुम्ही काहीही न करता हनुवटी निमुळती होते, डोळे मोठे होतात आणि कातडीवरची छिद्रं पुसली जातात. मग पाहुणे म्हणतात, फोटोत वेगळी होती.

पावडर कमी. सावळ्या चेहऱ्यावर थापलेली पावडर फ्लॅशमध्ये राखाडी दिसते. ओल्या रुमालाने चेहरा पुसला, कपाळावरचं तेल टिपलं, एवढं पुष्कळ. चष्मा असेल तर तो राहू द्या, हनुवटी किंचित खाली घेतली की काचेवरची चमक जाते. दागिना आणि गजरा हा ज्याच्या त्याच्या घरचा प्रश्न. पेत्राच्या पत्रातलं केस गुंफण्याचं आणि सोनं घालण्याचं वचन काढून काही मंडळ्यांमध्ये दागिना, फूल सगळंच सोडलेलं असतं. त्यांच्या मुलींचा फोटो मी तसाच काढते, माझं काही म्हणणं नाही. फक्त ज्या आईने सोन्याची फुली काढून ठेवायला लावली तीच "रंग तेवढा बघा" म्हणाली, की मला हसू आवरत नाही. ते वचन तिथल्या तिथे पुढे वाचलं तर अंतःकरणातल्या गुप्त मनुष्यपणापर्यंत जातं. क्रीमच्या डबीपर्यंत जात नाही.

हात लपवू नका. आमच्याकडे कापूस वेचणाऱ्या मुली असतात, बोंडांच्या टोकांनी बोटं चिरलेली असतात. बीडकडच्या ऊसतोडीच्या घरातल्या मुली येतात, त्यांच्या तळहातांना घट्टे असतात. आया पदराखाली हात घ्यायला लावतात. मी हात पुढे घेऊन एकावर एक ठेवायला सांगते. त्या हातांनी घर चाललेलं असतं, त्यांची लाज कुणाला वाटायची?

पुसायचं काय आणि ठेवायचं काय, याचा माझा नियम सोपा आहे. जे पंधरा दिवसांत आपोआप जाणार आहे ते पुसून देते: तारुण्यपिटिका, डास चावल्याची गांधी, सोललेला ओठ. जे राहणार आहे ते राहू देते: भाजल्याची खूण, कोडाचा डाग, जन्मखूण, देवीच्या वणांसारखे खड्डे. पुनरुत्थान झालेल्या प्रभूच्या हातांवरही खिळ्यांचे व्रण होते, थोमा या शिष्याला त्याने तेच दाखवले. नव्या देहातसुद्धा ते पुसलेले नव्हते. मग मी कोण पुसणारी?

एवढं सांगूनही एखादी आई ऐकत नाही. "एकदा लग्न जमू द्या, मग काय दिसायचं ते दिसू द्या." तिला मी लाबानाची गोष्ट सांगते. याकोबाने लाबानाच्या धाकट्या लेकीसाठी, राहेलीसाठी, सात वर्षं राबून काढली. लग्नाच्या रात्री लाबानाने थोरली लेआ आत पाठवली. सकाळ झाली, पाहतो तो लेआ. उपदेशात ही गोष्ट आली की सगळे याकोबाची कीव करतात, आधी स्वतःच्या बापाला फसवणाऱ्यालाच कुणीतरी फसवलं म्हणून थोडं हसतातही. मला त्या सकाळी लेआ कशी उठली असेल ते दिसतं. बापाने तिला खपवली, आणि नवऱ्याने तिच्यासमोर बापाला विचारलं, हे तू मला काय केलंस? लाबानाला तर आणखी सात वर्षं फुकटचा गडी मिळाला. याकोबाला आठवड्याभरात राहेल मिळाली. भोगलं कुणी? जिच्या भल्यासाठी म्हणून केलं तिने, जन्मभर. उजळ केलेला फोटो हेच करतो. पाहुणे आत येतात, फोटोतली मुलगी शोधतात, आणि तुमची लेक ट्रे घेऊन उभी असते. त्यांच्या चेहऱ्यावरचं ते पहिलं क्षणभराचं उतरणं तिला दिसतं. ते तुम्ही तिच्या ताटात वाढलेलं असतं, पाहुण्यांनी नाही.

बायोडाटा

झेरॉक्सच्या दुकानात बायोडाटाचा तयार नमुना मिळतो. त्यात रास, नक्षत्र, गण, नाडी, वर्ण, उंची अशी उतरंड असते. आपली ख्रिस्ती माणसं रास, नक्षत्र, गण, नाडी मोठ्या विश्वासाने खोडतात. वर्णावर आली की पेन थांबतो आणि लिहिलं जातं: गोरा. नसेल तर निमगोरा. अगदीच नसेल तर गव्हाळ. एवढे बायोडाटा माझ्या हाताखालून गेले, "काळा" लिहिलेला एकही बघितला नाही. म्हणजे त्या रकान्याने माहितीसुद्धा मिळत नाही. तो खोडा. फोटो जोडलेला असताना रंग लिहायचा कशाला? कुणी फोन करून विचारलंच तर "फोटो लावलाय, बघा" एवढंच उत्तर द्या.

मुलाच्या बायोडाटात वर्ण क्वचित असतो, तिथे पॅकेज असतं. सरकारी नोकरी, शेती किती एकर, प्लॉट आहे का. दुखणं एकच, फक्त मुलीच्या कातडीवर उठतं आणि मुलाच्या खिशावर. पगार लिहायला हरकत नाही, संसार त्यावर चालतो. पण तो पहिल्या ओळीत ठळक करून लिहिण्याऐवजी शिक्षण आणि कामाच्या ओळीत सरळ लिहा. आणि उंची बूट काढून मोजा. डोक्यावरचे केस गेलेले असतील तर पाच वर्षांपूर्वीचा फोटो लावू नका, हा नियम मुलगे मुलींपेक्षा जास्त मोडतात.

मराठवाड्यात रंगाची गोष्ट नुसती रंगाची राहत नाही. तोंडाने जात विचारायला लाज वाटते म्हणून लोक रंग विचारतात. रेव्ह. नारायण शेषाद्री मूळचे ब्राह्मण. त्यांनी 1843 मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि पुढे जालन्याजवळ बेथेल नावाचं ख्रिस्ती गाव वसवलं. त्यांच्याकडे आलेल्यांत मांग समाजाची माणसं फार होती. आमचं घराणं त्यातलंच, हे मी लपवत नाही. ज्यांच्या सावलीचा विटाळ मानला जायचा ती माणसं प्रभुभोजनाच्या मेजापाशी बाकीच्यांच्या बरोबरीने आली. त्यांच्याच नातवंडांनी "अनुरूप, गोरी मुलगी पाहिजे" असं छापायचं, हे मला गिळवत नाही. नव्या करारातलं याकोबाचं पत्र (हा याकोब वेगळा) दुसऱ्या अध्यायात सांगतं की सोन्याची अंगठी घातलेल्याला पुढची जागा आणि मळक्या कपड्यातल्याला "तू तिकडे उभा राहा" असं कराल तर तुम्ही पक्षपाती न्यायाधीश झालात. आणि मोशेची बायको कूशी होती, म्हणजे आफ्रिकेकडच्या कूश देशातली. तिच्यावरून मोशेची बहीण मिर्याम त्याच्याविरुद्ध बोलली, तर गणना बाराव्या अध्यायात तिची कातडी कोडाने बर्फासारखी पांढरी झाली. संडे स्कूलमध्ये हा भाग घेतला की मुलं गप्प होतात. मोठ्यांनाही एकदा वाचून दाखवा.

मग लिहायचं काय? पूर्ण नाव, जन्मतारीख, उंची, शिक्षण, काम. बाप्तिस्मा आणि दृढीकरण (विश्वासाच्या जाहीर कबुलीचा विधी) झालंय का, कोणत्या मंडळीत. पाळकसाहेबांचा नंबर, त्यांना विचारून. भावंडं आणि ती काय करतात. मग मुलीच्या स्वतःच्या शब्दांत चार ओळी, तिनेच लिहिलेल्या. दुकानात बसवून मी लिहायला लावते. आई बाहेर चहा प्यायला गेलेली बरी. "मला गर्दीत बोलता येत नाही पण लहान मुलांना शिकवायला आवडतं. मला पुढे बी.एड. करायचं आहे." असल्या चार ओळींवरून माणूस कळतो. "सावळी असली तरी नाकीडोळी नीटस" असं मात्र कुणी तिच्या वतीने लिहू नये. तिने कुणाची माफी मागायची नाही.

अपंगत्व असेल तर एका ओळीत साधं लिहा: "लहानपणी पोलिओ, उजव्या पायाने लंगडते, स्वतःची कामं स्वतः करते." फोटो उभा आणि पूर्ण द्या. खुर्चीत बसवून पाय झाकून काढायला मी नकार देते, आणि कारण वर लाबानाच्या गोष्टीत आलंच आहे. एखादा नातेवाईक लेवीयचा एकविसावा अध्याय काढेल, व्यंग असलेल्या याजकाने वेदीजवळ जाऊ नये म्हणून. त्याला सांगा, तो नियम वेदीच्या सेवेचा होता. माणसाच्या मोलाचा नव्हता, कारण त्याच अध्यायात त्याला देवाची पवित्र भाकर खायची मोकळीक आहे. आणि शौलाचा नातू मफीबोशेथ दोन्ही पायांनी लंगडा असून दावीद राजाच्या मेजावर रोज जेवत होता.

क्रीमबद्दल थोडं

पाहुणे महिन्यावर आले की मेडिकलमधून ट्यूब आणली जाते. कंपन्यांनी नावं बदलली, 1975 पासून चाललेली "फेअर अँड लव्हली" 2020 मध्ये "ग्लो अँड लव्हली" झाली, पण मला भीती तिची नाही, चिठ्ठीशिवाय हातात पडणाऱ्या औषधी ट्यूबची आहे. तिच्यावर बेटामेथासोन, क्लोबेटासॉल, मोमेटासोन (ही स्टेरॉइडं) किंवा हायड्रोक्विनोन असं लिहिलेलं असेल तर ती चेहऱ्याला स्वतःच्या मनाने लावू नका. पहिल्या पंधरवड्यात चेहरा उजळ दिसतो. मग स्टेरॉइडने कातडी पातळ होते, लाल शिरा दिसायला लागतात, पुरळ आणि लव येते, आणि ट्यूब सोडली की चेहरा पेटतो म्हणून सोडताही येत नाही. आधीच लावत असाल तर एकदम बंद करायच्या आधी कातडीच्या डॉक्टरला दाखवा. संभाजीनगरला घाटीत, म्हणजे सरकारी दवाखान्यात, तो विभाग आहे.

पाहुणे येतील तेव्हा

शक्य असेल तर पहिली भेट रविवारी भक्तीनंतर चर्चच्या आवारातच ठेवा, पाळकसाहेबांना सांगून. तिथे दोन्ही घरं एकाच बाकावर बसतात आणि कुणी कुणाच्या घरी "बघायला" आलेलं नसतं. घरीच ठेवायची असेल तर पोहे नाहीतर सुशीला (चुरमुऱ्यांचा नाश्ता) आधीच मांडून ठेवा. मुलीने ट्रे घेऊन दारातून चालत येण्याची गरज नाही. ती आधीपासून सगळ्यांमध्ये बसलेली असू द्या. चहा भावाने आणला तर काही बिघडत नाही.

"जरा चालून दाखव", "केस मोकळे सोड", "चष्मा काढ" असं कुणी म्हणालं तर आईने किंवा मावशीने हसत, पण लगेच सांगावं, "तसलं आमच्याकडे नाही हं. तुम्हाला काय विचारायचं ते विचारा." मुलीवर हे सोपवू नका, तिच्या तोंडून निघणार नाही. उलट मुलीचे प्रश्न आदल्या दिवशी लिहून घ्या. दारू, कर्ज, चर्चला जातो का, लग्नानंतर शिकू देणार का, आईवडील सोबत राहतील का. आमच्या मंडळीतल्या एका आजींनी तर मुलालाच स्तोत्र मोठ्याने वाचायला सांगितलं होतं. तो अडखळला, घामेजला, पण वाचलं. आजींना तो तिथेच आवडला.

मुलाकडच्यांसाठी एकच सूचना. घरी परत जाताना गाडीत, ड्रायव्हरसमोर, चेहऱ्याची चिरफाड करू नका. जालना लहान आहे, सगळं पोहोचतं.

नकार आला तर

येतोच. त्या संध्याकाळी लेकीला वचनं सांगू नका. "देवाने तुझ्यासाठी आणखी चांगला ठेवलाय" हेही नको, ते तुम्हाला माहीत नाही. तिला जेवायला वाढा, शेजारी बसा, रडली तर रडू द्या. चार-आठ दिवसांनी, तिने विषय काढला तर, लेआची गोष्ट राहिलेली सांगा. नवऱ्याला ती नावडती होती, आणि शास्त्र तिला खोटा दिलासा देत नाही. परमेश्वराने पाहिलं की लेआ नावडती आहे, आणि तिची कूस उघडली, एवढंच तिथे लिहिलंय. रऊबेन, शिमोन, लेवी झाले, रऊबेनाच्या आणि लेवीच्या वेळी ती म्हणाली आता तरी नवरा माझा होईल. चौथ्या वेळी यहूदा झाला तेव्हा तिने नवऱ्याचं नावही काढलं नाही, मी परमेश्वराची स्तुती करीन म्हणाली. त्या यहूदाच्या वंशात दावीद झाला आणि येशू झाला. आता यावरून "लग्न झालं नाही तरी चालेल" किंवा "सोसत राहा" असा अर्थ काढून मुलीच्या गळ्यात बांधू नका. गोष्ट सांगा आणि गप्प बसा.

नकार तुम्हाला द्यायचा असेल तर दोन दिवसांत द्या, टांगून ठेवू नका. कारणात रूप, रंग, जाडी, उंची काही लिहू नका. मनात तेच असलं तरी ते तिच्यापर्यंत पोहोचवायचा अधिकार तुम्हाला नाही. मी लोकांना हा मजकूर देते, तसाच उतरवून घेतला तरी चालेल:

"सलाम काका. रविवारी भेट झाली, तुमच्या घरच्यांनी प्रेमाने वागवलं. घरी विचार केला, प्रार्थना केली, आमच्याकडून पुढे जायचं नाही असं ठरलं. तुम्ही दुसरीकडे बघायला मोकळे आहात. ताईचा फोटो आणि बायोडाटा आम्ही फोनमधून काढून टाकला आहे."

आणि तो खरंच काढून टाका. गॅलरीतूनही काढा, आत्याला आणि मामाला पुढे पाठवला असेल तर त्यांनाही फोन करून काढायला लावा.